कपाटातलं लीज बाहेर काढा: इंग्लंड-वेल्समधल्या मराठी फ्लॅटधारकांना खुले पत्र

इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्लॅट घेतलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींना, आणि आपल्या मराठी मंडळांच्या कार्यकारिणींना,

स. न. वि. वि.

गेल्या गणपतीत आरती-प्रसाद आटोपल्यावर हॉलच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघीचौघी पातेली घासत उभ्या होतो. शेजारी एक मुलगी होती, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. ती सांगत होती की फ्लॅट विकायला काढलाय, गिऱ्हाईक दोनदा ठरलं आणि दोनदा ऐनवेळी मागे फिरलं. बँक त्यांना कर्जच देईना. मी सहज विचारलं, "लीज किती उरलंय गं?" ती म्हणाली, "नव्व्याण्णव वर्षांचं आहे ना, काकू." मी म्हटलं, "अगं, पण नव्व्याण्णव कधीपासून?" ती नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने कागदाचा फोटो पाठवला. २५ मार्च १९८८ पासून ९९ वर्षं. म्हणजे मार्च २०८७ मध्ये मुदत संपणार, आणि हातात उरली होती जेमतेम साडेएकसष्ट वर्षं. नऊ वर्षं ती त्या घरात राहतेय, एकही हप्ता चुकवलेला नाही, आणि तिच्या घराची किंमत ज्या आकड्यावर उभी आहे तो आकडाच तिला ठाऊक नव्हता.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तिच्या जागी एकदा मी स्वतः उभी होते. म्हणून हे पत्र. (स्कॉटलंडमधल्या मंडळींनी काळजी करू नये. तिथे फ्लॅट पूर्ण मालकीचा असतो, हा प्रश्न इंग्लंड आणि वेल्सचा आहे.)

आपण महाराष्ट्रातून येतो ते डोक्यात "ओनरशिपचा फ्लॅट" घेऊन. सोसायटी, शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्स, संपलं. घर आपलं. इथे एजंट चावी हातात देतो, सॉलिसिटर अभिनंदनाचा ईमेल पाठवतो, आपण दाराला तोरण लावतो, आणि मनात तोच ओनरशिपचा फ्लॅट असतो. प्रत्यक्षात आपण घेतलेला असतो एक भाडेपट्टा, म्हणजेच लीज. फार लांब मुदतीचा, विकता येणारा, गहाण टाकता येणारा, पण भाडेपट्टाच. जमीन आणि इमारत फ्रीहोल्डरची, म्हणजे मूळ मालकाची. आपल्याकडे आहे तो त्या जागेत राहण्याचा मुदतबंद हक्क, आणि ती मुदत आपण झोपेत असतानाही कमी होत असते.

खरं तर हे आपल्याला इतकं परकं वाटायला नको. वाशी-नेरूळमध्ये ज्यांच्या आईवडिलांचं घर आहे त्यांनी सिडकोचं साठ वर्षांचं लीज ऐकलेलं असतं. प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, त्याने दादर-माटुंग्याचे प्लॉट पाडले ते लीजवरच दिले. ही पद्धत इथूनच तिकडे गेली. पण तिकडे लीज जमिनीचं, सोसायटीच्या नावावर, म्हणून घरातल्या माणसाला रोज त्याची झळ लागत नाही. इथे प्रत्येक फ्लॅटचं लीज वेगळं, प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि ते बघायची जबाबदारी एकट्याची.

आता माझी गोष्ट. आम्ही रेडिंगमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट २०१२ मध्ये घेतला. इमारत १९९९ ची. लीज २९ सप्टेंबर १९९९ पासून ९९ वर्षांचं, म्हणजे घेताना ८६ शिल्लक. जाहिरातीत लिहिलं होतं "लाँग लीज". ८६ म्हणजे आपल्या हयातीपुरतं सोडा, मुलांच्याही हयातीला पुरेल, असा हिशोब आम्ही दोघांनी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून केला आणि तो कागद कपाटात गेला.

पाच वर्षांनी, २०१७ च्या उन्हाळ्यात, नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका इंग्रज सहकाऱ्याने जेवताना विचारलं, "तुमचं ऐंशीच्या खाली तर नाही ना गेलं?" ऐंशीचं काय, हे आम्हाला तोवर कोणीही सांगितलं नव्हतं. घरी येऊन कागद काढला. जाड क्रीम रंगाचा कागद, हिरव्या दोऱ्याने टाचलेला, मागे नकाशा आणि त्यावर आमच्या दोन खोल्यांभोवती लाल रेघ. पहिल्या पानावरची तारीख बोटाने धरून आम्ही मोजलं. ८१ वर्षं आणि थोडे महिने.

ऐंशीचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण सगळं घोडं तिथेच अडतं. लीज वाढवायचं म्हणजे फ्रीहोल्डरला एकरकमी पैसे द्यायचे, त्याला प्रीमियम म्हणतात. तो साधारण दोन गोष्टींचा असतो. एक, तुमचं ग्राउंड रेंट, म्हणजे त्याला दरवर्षी द्यायचं जमिनीचं भाडं, बंद होणार म्हणून त्याचं बुडणारं उत्पन्न. दोन, मुदत संपल्यावर फ्लॅट त्याच्याकडे परत जायचा तो आता आणखी ९० वर्षांनी जाणार, त्याची आजच्या पैशातली भरपाई. मुदत लांब असेल तर ही दुसरी रक्कम लहान असते. पण अर्ज केल्याच्या दिवशी मुदत ८० वर्षांहून जास्त उरलेली नसेल, तर तिसरी गोष्ट येते: मॅरेज व्हॅल्यू. लीज वाढल्यावर फ्लॅटची किंमत वाढते. तुमचा हक्क आणि फ्रीहोल्डरचा हक्क यांच्या सोयरिकीतून ही वाढ झाली असं कायदा मानतो, आणि वाढीतला निम्मा वाटा फ्रीहोल्डरला देतो. ऐंशीच्या वर हा वाटा शून्य, ऐंशी झाली की अर्धा. मधली पायरी नाही.

आकड्यात सांगते, पण हे मोघम आहेत, प्रत्येक फ्लॅटचा हिशोब निराळा होतो. अडीच लाख पौंडांचा फ्लॅट, ग्राउंड रेंट वर्षाला १५० पौंड. ८१ वर्षं उरलेली असतील तर प्रीमियम सात हजारांच्या आसपास येतो. ७९ ला तोच अकरा हजारांवर जातो. ७० ला वीस हजारांपर्यंत. घर तेच, भिंती त्याच, खिडकीतून दिसणारा रस्ताही तोच. बदलला तो फक्त पहिल्या पानावरच्या तारखेपासूनचा काळ.

तर आमच्याकडे ८१ होती, आणि सव्वा वर्षाचा अवधी होता. हे काम वेळेत व्हायला हवं होतं. इथे आम्ही चूक केली, आणि ती तुम्ही करू नये म्हणून मी हे सगळं लिहितेय.

आम्ही फ्रीहोल्डरच्या एजंटांना सरळ पत्र लिहिलं की लीज वाढवायचंय. महिन्याभरात गोड भाषेतलं उत्तर आलं. वकिलांच्या भानगडीत कशाला पडता, आपसात करू. मुदत परत १२५ वर्षांची करून देतो, साडेचार हजार पौंड द्या. खाली बारीक अक्षरात होतं की ग्राउंड रेंट २५० होईल आणि दर पंचवीस वर्षांनी दुप्पट. साडेचार हजार ऐकून आम्ही खूश. मग त्यांनी व्हॅल्युएशनची फी मागितली, ती दिली. मग कागद बघायची फी मागितली, तीही दिली. मग आमचं काम बघणारा माणूस बदलला. नव्या माणसाने पुन्हा सगळे कागद मागितले. मग "आमच्या अशिलाचा विचार चालू आहे" असं दोन ओळींचं उत्तर. मग नाताळ. मग ईस्टर. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायचे आणि पलीकडचा आवाज इतका नम्र असायचा की आपणच घाई करतोय असं वाटायचं. २०१८ चा सप्टेंबर आला आणि गेला. नोव्हेंबरमध्ये पत्र आलं: मुदत आता ८० च्या खाली असल्यामुळे आधीचा प्रस्ताव रद्द समजावा, सुधारित रक्कम अशी अशी.

ते पत्र मी जिन्यातच उघडलं होतं. वर जायला पाय उचलेनात, तिथेच पायरीवर बसले.

त्यांनी कायदा मोडला नव्हता, हे नंतर कळलं. आपसातल्या बोलणीला काहीच बंधन नसतं. कितीही वेळ लावा, कधीही माघार घ्या, कधीही आकडा बदला. आम्ही वर्षभर ज्याला अर्ज समजत होतो तो अर्जच नव्हता. कायद्याने अर्ज एकच: लीजहोल्डच्या १९९३ च्या कायद्याच्या कलम ४२ खालची नोटीस. ती बजावली त्या दिवसाची मुदत धरून हिशोब होतो. त्यानंतर घड्याळ थांबतं. बोलणी दोन वर्षं चालली तरी मुदत ८१ च धरली जाते. आम्ही ती नोटीस २०१७ मध्ये दिली असती तर समोरच्याने किती नाताळ घालवले याने आम्हाला काडीचाही फरक पडला नसता.

शेवटी २०१९ मध्ये आम्ही नोटीस दिली. प्रीमियम ११,४०० ला मिटला. वर आमचा सॉलिसिटर, आमचा सर्व्हेयर (प्रीमियमचा हिशोब काढणारा), आणि फ्रीहोल्डरच्या सॉलिसिटर-सर्व्हेयरची वाजवी फीसुद्धा आमच्याच माथी, कारण कायदा तसा आहे. त्या वर्षी भारतात जाणं रद्द केलं. सासऱ्यांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस होता. आम्ही तो मोबाइलवर बघितला.

म्हणून नोटिशीबद्दल जरा सविस्तर सांगते. कलम ४२ ने जे मिळतं ते असं: तुमच्या उरलेल्या मुदतीत ९० वर्षांची भर. ८१ असेल तर १७१. आणि ग्राउंड रेंट शून्य. कागदावर त्याला "पेपरकॉर्न" म्हणतात, म्हणजे मिऱ्याचा एक दाणा. कोकणात परसातल्या वेलीला लागतो तोच. भाडं म्हणून नावाला काहीतरी हवं म्हणून मिऱ्याचा दाणा लिहायचा आणि तो कोणी कधी मागायचा नाही. आमच्या नव्या कागदावर तो शब्द पाहिला तेव्हा मला खरंच बरं वाटलं होतं. आपसातल्या प्रस्तावात मात्र फ्रीहोल्डर देईल तेवढीच वर्षं आणि तो म्हणेल तसं भाडं. २०२२ च्या ग्राउंड रेंट कायद्याने यावर बराच लगाम घातला, आता वाढवून दिलेल्या काळासाठी भाडं घेता येत नाही. पण जुन्या मुदतीतलं भाडं तसंच ठेवलेलं प्रस्तावात असू शकतं, ते डोळ्यांत तेल घालून वाचा.

नोटिशीत तुम्ही तुमचा आकडा लिहायचा असतो. तो मनाला येईल तो लिहून चालत नाही, वास्तवाला धरून हवा. त्यासाठी लीजच्या कामाची सवय असलेला सर्व्हेयर लागतो. घर घेताना आलेला बँकेचा माणूस नव्हे, हेच काम रोज करणारा. फ्रीहोल्डरला उत्तर द्यायला किमान दोन महिने द्यावे लागतात. या काळात तो तुमच्या आकड्याच्या दहा टक्के किंवा २५० पौंड, यातलं जे जास्त असेल ते, अनामत मागू शकतो. पैसे तयार ठेवा. त्याने मुदतीत उत्तरच दिलं नाही तर तुमच्याच अटींवर लीज मिळवायला कोर्टात जाता येतं. उत्तर दिलं आणि आकडा जुळला नाही, तर दोन महिने बोलणी करायची, आणि त्याच्या उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, अर्ज टाकायचा. ही सहा महिन्यांची तारीख देव्हाऱ्यावर चिकटवून ठेवा. ती चुकली की नोटीस मागे घेतली असं समजलं जातं, फ्रीहोल्डरचा तोवरचा खर्च तुमच्या अंगावर पडतो आणि पुढचे बारा महिने नवी नोटीस देता येत नाही. ट्रायब्युनलचं नाव ऐकून घाबरू नका. अर्ज टाकला म्हणजे भांडण लागलं असं नाही, तो हक्क राखून ठेवण्याचा मार्ग आहे. आमचाही अर्ज टाकला होता. प्रत्यक्ष सुनावणीआधीच फोनवर आकडा जुळला.

आता जो प्रश्न मला सगळे विचारतात: "नवीन कायदा आलाय ना? मग थांबावं का?"

कायदा आलाय हे खरं. २४ मे २०२४ ला लीजहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म ॲक्ट मंजूर झाला. त्यात ९० ऐवजी थेट ९९० वर्षांची मुदतवाढ आहे, मॅरेज व्हॅल्यू रद्द आहे, आणि फ्रीहोल्डरचा खर्च आपण भरायचा ही पद्धतही बहुतांशी बंद होणार आहे. वाचून कोणालाही वाटेल की सुटलो. पण कायदा मंजूर होणं आणि लागू होणं यात इथे मोठं अंतर असतं. एक गोष्ट लागू झाली: पूर्वी फ्लॅट नावावर होऊन दोन वर्षं झाल्याशिवाय नोटीस देता येत नसे, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. आज फ्लॅट नावावर झाला तर लगेच नोटीस देता येते. पण ९९० वर्षं, मॅरेज व्हॅल्यू आणि खर्च, या तीन गोष्टी मी हे लिहितेय तोवर लागू नाहीत. हिशोबाचे दर सरकारने ठरवायचे आहेत, पुढचे नियम करायचे आहेत. मोठ्या फ्रीहोल्डरांनी हायकोर्टात आव्हानही दिलं होतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये कोर्टाने ते फेटाळलं, ही चांगली बातमी. तरी तारीख कोणाच्याच हातात नाही.

माझं मत स्पष्ट सांगते. मी वकील नाही, पण आठ वर्षं यात पोळलेली आणि वीस-पंचवीस घरांचे कागद बघितलेली बाई आहे. तुमची मुदत ८० ते ८५ च्या दरम्यान असेल तर थांबू नका. थांबून वाचलं तर थोडं वाचेल, पण नियम यायच्या आत ८० ची रेघ ओलांडली तर हजारो पौंड जातील. मुदत आधीच ८० च्या खाली असेल, विकायचं नसेल, कर्ज बदलायचं नसेल, तर थांबण्यात अर्थ असू शकतो, कारण मॅरेज व्हॅल्यू गेली तर तुमचा सगळ्यात जास्त फायदा आहे. पण मग सर्व्हेयरकडून दोन्ही हिशोब काढून घ्या आणि डोळे उघडे ठेवून थांबा. आणि विकायचं असेल, किंवा फिक्स्ड रेट संपून नवं कर्ज घ्यायचं असेल, तर थांबण्याची चैन तुम्हाला नाही. मुदत सत्तरच्या आसपास आली की अनेक बँका काचकूच करतात, आणि साठीत गेली की बऱ्याच जणी दारच लावतात. त्या मुलीचं तेच झालं. १०० च्या वर असलेल्यांनी आज निश्चिंत राहावं, फक्त आपली ८० ची तारीख कुठेतरी लिहून ठेवावी.

विकणाऱ्यांसाठी एक सोय आहे, ती फार कमी लोकांना ठाऊक असते. विकणाऱ्याने स्वतः नोटीस देऊन तिचा हक्क खरेदीखताबरोबरच घेणाऱ्याच्या नावे करून देता येतो. म्हणजे पूर्ण प्रीमियम खिशातून न भरताही तारीख बांधली जाते, आणि घेणाऱ्याला लीज वाढवण्याचं काम सुरू झालेलं मिळतं. पण हे सॉलिसिटरने सौदा पुरा व्हायच्या आत, नीट कागद करून करावं लागतं. नंतर आठवून उपयोग नाही.

आणखी दोन प्रकारची घरं आपल्यात बरीच आहेत. एक, कौन्सिलचे जुने फ्लॅट. कौन्सिलने आपल्या भाडेकरूला विकले आणि त्यांच्याकडून आपण घेतले. त्यांचं लीज बहुधा १२५ वर्षांचं असतं, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण ते १९८० च्या दशकात सुरू झालेलं असतं. १९८६ चं असेल तर २१११ ला संपणार, आणि ८० ची रेघ २०३१ मध्ये. ती काही फार लांब नाही. बऱ्याचदा एका ब्लॉकमधल्या सगळ्या फ्लॅटांची शेवटची तारीख एकच असते, तेव्हा शेजाऱ्यांनाही सांगा.

दुसरे, "शेअर ऑफ फ्रीहोल्ड" वाले. हे सगळ्यात जास्त बेफिकीर असतात, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. इमारतीच्या मालकीत तुमचा वाटा आहे, ठीक. पण तुमच्या फ्लॅटचं लीज वेगळं आहे आणि तेही रोज कमी होतंय. शेजारीपाजारी मिळूनच फ्रीहोल्डर असल्यामुळे सगळ्यांनी ठरवलं तर ९९९ वर्षं करून घेता येतात, बहुतेक वेळा नुसत्या सॉलिसिटरच्या फीमध्ये. सगळे एकमेकांशी बोलताहेत तोवरच हे उरकून घ्या. खालच्या मजल्यावरच्याशी पार्किंगवरून बिनसलं की तीच सही मिळायला दोन वर्षं लागतात.

आणि ज्यांच्या इमारतीत निम्मे तरी लोक तयार असतील त्यांनी एकेकट्याने लीज वाढवण्याआधी सगळ्यांनी मिळून फ्रीहोल्डच विकत घेता येतं का हे विचारून बघावं. तो विषय मोठा आहे, या पत्रात मावणार नाही.

मुदत कशी बघायची? कपाटात लीज सापडत नसेल तर लँड रजिस्ट्रीच्या सरकारी वेबसाइटवर सात पौंड भरून आपल्या फ्लॅटचं टायटल रजिस्टर काढता येतं. त्यात लीजची तारीख आणि मुदत लिहिलेली असते. एक खबरदारी: लीजवर सही झालेली तारीख आणि मुदत सुरू होण्याची तारीख एकच असेल असं नाही. सही जूनमधली असते आणि मुदत आधीच्या मार्चपासून धरलेली असते. सुरुवातीची तारीख घ्या, त्यात मुदत मिळवा, त्यातून आजची तारीख वजा करा. पहिला अंदाज आणि फुकट सल्ला हवा असेल तर सरकारच्या पैशावर चालणारी लीजहोल्ड ॲडव्हायझरी सर्व्हिस आहे. त्यांच्याशी बोलल्यावर सॉलिसिटरला काय विचारायचं ते तरी कळतं. सॉलिसिटर निवडताना एकच प्रश्न विचारा: गेल्या वर्षात कलम ४२ च्या किती नोटिसा दिल्या? उत्तर द्यायला तो घुटमळला तर दुसरा बघा.

आता मंडळांच्या कार्यकारिणींना माझी विनंती.

आपण दिवाळी पहाट करतो, कोजागरी करतो, मुलांच्या मराठी शाळा चालवतो, आणि हे सगळं पदरचा वेळ खर्चून करतो. त्याबद्दल मनापासून आदर आहे. त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्च्या मांडून, वर्षातली एक रविवार दुपार या कामाला द्या. भाषणं नकोत. प्रत्येकाने आपलं लीज किंवा रजिस्टरची प्रत आणायची. टेबलापाशी दोन-तीन माहीतगार बसतील. प्रत्येकाची तारीख बघायची, मुदत मोजायची, ८० ची तारीख एका कार्डावर लिहून हातात द्यायची. एवढंच. सल्ला वकील देतील, आपण फक्त मोजायचं. एखाद्या सॉलिसिटरला बोलावलंत तर उत्तम, पण त्याच्या फर्मची जाहिरात होऊ देऊ नका, आणि मंडळाने कोणा एकाची शिफारस करू नये. पैशाच्या कामात उद्या शब्द मंडळावर येईल.

मला माहीत आहे की आपल्या लोकांना घराचे कागद चारचौघांत उघडायला संकोच वाटतो. घर केवढ्याला घेतलं हे आपण हसतहसत सांगतो, पण लीज किती उरलंय हे विचारलं की माणूस विषय बदलतो. कारण आत कुठेतरी वाटतं की आपण फसलो हे कळलं तर लोक काय म्हणतील. म्हणून मी माझे आकडे, माझी चूक, जिन्यातली ती पायरी, सगळं इथे लिहिलं. कार्डावर नाव लिहायची गरज नाही. किंमत, कर्ज, पगार काहीच सांगायचं नाही. फक्त दोन तारखा.

शिकायला आलेली आणि मग इथेच राहिलेली तरुण मुलं आता धडाधड पहिला फ्लॅट घेताहेत. त्यांना तर घ्यायच्या आधीच सांगायला हवं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "कुठे घ्यावा" म्हणून विचारणा आली की स्टेशन किती जवळ आणि शाळा कशी हे आपण लगेच सांगतो. त्याच्याच खाली कोणीतरी एक ओळ लिहावी: उरलेली वर्षं विचार, आणि ८५ च्या खाली असतील तर विकणाऱ्यालाच नोटीस द्यायला लाव किंवा किमतीत तेवढे पैसे कमी करून घे. हे मागणं लाजिरवाणं नाही, इथे ते रोज मागितलं जातं.

त्या मुलीचं काम सुरू झालंय. सर्व्हेयर येऊन गेला. त्याने काढलेला आकडा मोठा आहे, आणि तो ऐकून ती माझ्यासमोर रडली. तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन्ही बाजूंनी हिशोब मांडला: आत्ता भरून विकायचं, की बाळ शाळेत जाईपर्यंत तिथेच राहून नव्या नियमांची वाट बघायची. त्यांनी राहायचं ठरवलं. निर्णय त्यांचा आहे, पण या वेळी तो आकडा समोर ठेवून घेतलेला आहे.

आमच्या मंडळाने फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी हॉल द्यायचं कबूल केलं आहे. दुपारी दोन ते पाच. चहा मी करणार आहे. माझं जुनं लीज, हिरव्या दोऱ्याचं, टेबलावर ठेवीन, म्हणजे कुठलं पान उघडायचं आणि बोट कुठे ठेवायचं ते दाखवता येईल. इतर मंडळांनी दिवस ठरवला आणि मोजायला माणूस कमी पडला, तर निरोप द्या. गाडीने दोन तासांच्या अंतरात असेल तर मी येईन.

तुमचीच,
रेडिंगमधली एक फ्लॅटधारक